बलून, दुर्बीण की नुसतं मीठपाणी?

श्रावण सरेपर्यंत साठलेल्या पत्रांत यंदाही नाकाची पत्रं सर्वांत जास्त. कोकणात हे चालायचंच. जूनपासून भिंती ओल्या, गाद्या कुबट, कपाटामागे बुरशी, आणि त्यातच घरोघरी सर्दी. यंदा विचारण्याचा सूर मात्र बदललाय. पूर्वी लोक 'सायनसवर चांगलं औषध सांगा' म्हणायचे, आता 'बलून घालून घेऊ का' असं विचारतात. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या, त्यांच्या दुखण्यालाही आपण सायनसच म्हणतो. बलून म्हणजे त्या पोकळीचं बंद तोंड बारीक फुग्याने रुंद करणं. कोणी जाहिरात पाहिलेली असते, कोणाच्या मुंबईच्या भावाने करून घेतलेलं असतं. म्हणून या वेळचं सगळं सदर नाकालाच दिलंय. कान आणि घसावाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : माझं वय ४८. देवगडजवळ हापूसची कलमं आहेत. गेली काही वर्षं नाक चोंदतं, घशात कफ उतरत राहतो, सकाळी उठल्यावर गाल जड वाटतात. त्रास वाढला की अँटिबायोटिकचा कोर्स घेतो, थोडे दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. मुलगा डोंबिवलीला असतो. जुलैत त्याच्याकडे गेलो असताना सर्दीने बेजार झालो, तेव्हा तिकडे सीटी स्कॅन काढला. दोन्ही गालांच्या सायनसचं अस्तर सुजलंय, तोंडं बंद आहेत आणि नाकाचा पडदा डावीकडे वाकडा आहे, पॉलिप (अस्तराचा मऊ कोंब) नाही, असा रिपोर्ट आहे. तिथे बलून सायनुप्लास्टी सुचवली. इथल्या डॉक्टरांच्या मते दुर्बिणीचं 'फेस' ऑपरेशन करावं लागेल. मुलगा म्हणतो बलून करून टाका, बायको म्हणते नाकात काही घालून घेऊ नका. कोणाचं ऐकू?

तूर्त बायकोचं ऐका. मात्र तिच्या कारणासाठी नव्हे.

तुमचा सीटी ऐन सर्दीत काढलाय, हे मला पहिल्यांदा खटकलं. १९९४ साली अमेरिकेत साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचे सीटी काढून पाहिले होते. त्यातल्या २७ जणांच्या गालांच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा बहुतेकांचं आपोआप निवळलं होतं, तेही अँटिबायोटिकशिवाय. म्हणजे सर्दीतल्या सीटीत अस्तर सुजलेलं दिसणारच. जुना सायनस आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. नाक चोंदणं, घट्ट किंवा पिवळा शेंबूड, चेहऱ्यावर दाब, वास कमी होणं, यातल्या किमान दोन तक्रारी सलग १२ आठवडे टिकल्या आणि दुर्बिणीत किंवा सीटीत त्याची खूण सापडली, तरच आम्ही त्याला जुना सायनस म्हणतो. त्या दोन तक्रारींत नाक चोंदणं किंवा शेंबूड यापैकी एक तरी हवीच.

दुसरं म्हणजे, तुमच्या एवढ्या लांब पत्रात अँटिबायोटिक पुन्हा पुन्हा आलंय, पण नाकाच्या स्टेरॉइड स्प्रेचा उल्लेख एकदाही नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचाही नाही. जुन्या सायनसचं मूळ दुखणं अस्तराच्या सुजेचं असतं, जंतू मागाहून येतात. जंतू मारून सूज तशीच ठेवली तर महिन्याभराने तुम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांच्या दारात. स्टेरॉइडच्या नावाला घाबरू नका. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनच्या फवाऱ्यातून अंगात जाणारा अंश फारच थोडा असतो. गुण यायला मात्र आठवडे लागतात, आणि आमचे पेशंट पाचव्या दिवशी बाटली कपाटात ठेवून देतात.

फवारा मारतानाही गंमत होते. बहुतेक जण मान मागे टाकून सरळ आत मारतात. ते औषध घशात जातं, कडू लागतं, आणि 'मॅडम, हे मला सोसत नाही' म्हणून परत येतात. मान किंचित खाली घाला. डाव्या नाकपुडीसाठी बाटली उजव्या हातात धरा, उजवीसाठी डाव्या. टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या रोखाने. दाबा, हलकेच हुंगा, जोरात ओढू नका. पडद्यावर मारत राहिलात तर खपल्या धरून रक्त येतं. आधी मीठपाण्याने धुवायचं, मग थोड्या वेळाने फवारा. हे दोन-तीन महिने नेमाने केलं आणि तरीही त्रास राहिला, तर सर्दी नसताना नवा सीटी काढायचा. त्यानंतर बलून आणि फेसचा वाद घालू.

तो वाद काय आहे, तेही सांगते, कारण तुमच्या मुलाला त्याचं उत्तर हवं असेल.

गालाच्या सायनसचं तोंड तळाशी नसून वर, आतल्या भिंतीत उंचावर असतं, जेमतेम काही मिलिमीटरचं. तरीही तो रिकामा होतो, कारण अस्तरावरचे बारीक केस शेंबूड वर ढकलत त्या तोंडाकडेच नेतात. तुमच्या वडिलांच्या पिढीत कॉल्डवेल-ल्यूक नावाचं ऑपरेशन व्हायचं. वरचा ओठ उचलून, हिरडीच्या वरून गालाचं हाड फोडून आतलं सगळं अस्तर खरवडून काढायचे आणि खाली नाकात नवं भोक पाडायचे. १८९० च्या दशकातली ती पद्धत जवळजवळ शंभर वर्षं चालली. पुष्कळांचा गाल बधिर राहायचा आणि सायनस तसाच. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिलं की खाली भोक पाडलं तरी केस शेंबूड वरच्या मूळ तोंडाकडेच नेतात. मग मूळ तोंडच मोकळं करायचं, असं ठरलं. फेस म्हणतात ते हेच. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत केनेडी यांनी ते रूढ केलं. साधारण ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते, बाहेर चेहऱ्यावर कुठे काप नाही. पूर्ण भूल देतात. तोंडाशी आडवं आलेलं पातळ हाड आणि सुजलेलं अस्तर काढून वाट रुंद करतात, चांगलं अस्तर राखतात.

बलूनमध्ये काहीच काढत नाहीत. टोकाला दिवा असलेली बारीक तार आधी सायनसच्या तोंडातून आत सरकवतात. ती बरोबर जागी पोचली की खोलीतला दिवा मालवून पाहतात, आणि पेशंटच्या गालावर किंवा कपाळावर कातडीआडून लाल उजेड फाकतो. मग त्या तारेवरून मिटलेला बलून आत नेतात, सलाइनच्या दाबाने काही सेकंद फुगवतात आणि मिटवून बाहेर काढतात. तोंडाभोवतीचं पातळ हाड बारीक तडकतं आणि वाट मोठी राहते. जागा बधिर करूनही हे जमतं. जागेपणी करून घेणाऱ्याला डोक्यात करकर असा आवाज येतो, तो तडकण्याचा. आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर माणूस खुर्चीतून उठायचा. अमेरिकेत २००५ मध्ये याला परवानगी मिळाली.

नवं आहे म्हणून बलून सरस आणि जुनं म्हणून फेस वाईट, असा हिशोब नाही. गाल, कपाळ किंवा अगदी मागचा सायनस, फक्त तोंड बंद, पॉलिप नाही, बुरशी नाही, अशा मोजक्या आजारात बलून चांगलं काम करतो आणि माणूस लवकर कामाला लागतो. पण नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये, लहान लहान कप्प्यांचा सायनस असतो, तिथे बलूनचा उपयोग नाही. पॉलिप बलूनने निघत नाही. तपासणीसाठी तुकडाही मिळत नाही. शिवाय बलून एकदाच वापरायचा असतो, त्यामुळे बिल फुगतं. म्हणून कोटेशन लेखी घ्या आणि त्यात बलून किती धरलेत तेही विचारा.

धोका? सायनसच्या एका बाजूला डोळा, वर मेंदू, आणि मध्ये कागदाएवढं हाड असतं, म्हणून फेसमध्ये डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचं पाणी गळणं किंवा मोठा रक्तस्राव होऊ शकतो. अनुभवी हातात असं शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होतं. बलूनमध्ये धोका त्याहून कमी, पण शून्य नाही. तुम्हाला सुचवणाऱ्या दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा, 'माझ्या सीटीच्या फिल्मवर बोट ठेवून दाखवा, कोणतं तोंड उघडणार?' जो दाखवेल त्याच्याशी पुढचं बोला. वाकड्या पडद्याचं म्हणाल, तर अर्ध्या गावाचा पडदा थोडा वाकडा असतो. त्याने वाट खरोखर अडत असेल तरच सरळ करायचा, सीटीत दिसला म्हणून नाही.

आणि शेवटी सूज राहतेच. घराची भिंत ओली आहे म्हणून खिडकी मोठी केली तर हवा खेळेल, वास जाईल, पण ओल छपरातून येत असेल तर कौलं शाकारावीच लागतात. ऑपरेशन खिडकीचं काम करतं. धुणं आणि फवारा त्यानंतरही चालूच राहतात, आणि मोठ्या केलेल्या तोंडातून औषध आतपर्यंत पोचतं, हाच ऑपरेशनचा अर्धा फायदा. तुम्ही कलमांवर फवारणी करता ना? मोहोराच्या दिवसांत औषध मारताना तोंडाला नुसता पंचा गुंडाळू नका. नीट बसणारा मास्क घाला आणि घरी आल्यावर नाक धुवा.

प्रश्न : चिपळूणला शाळेत शिकवते. वय ३६. महिन्यातून दोन-तीनदा कपाळ आणि डोळ्यांमागे असह्य ठणका लागतो, मळमळतं, वर्गातला गलका आणि उजेड सोसत नाही. नाकातून थोडं पाणी येतं, नाक चोंदतं. सगळे म्हणतात सायनस आहे. वाफ घेऊन घेऊन नाक भाजलं. सीटी काढला तर 'काही नाही' आला. सीटीत दिसत नाही असा सायनसही असतो का? बलूनने सुटका होईल का?

बाई, तुमचा सीटी बरोबर आहे, चुकलंय ते निदान. हा ठणका जवळजवळ नक्की अर्धशिशीचा आहे.

अर्धशिशी अर्ध्याच डोक्यात उठते असा आपला समज आहे, तो सोडा. दोन्ही बाजूंना, कपाळात, गालातही उठते. तिच्यात नाक चोंदतं, पाणीही येतं, कारण चेहऱ्याची आणि नाकाची नस एकच. म्हणून पेशंट तर फसतोच, पुष्कळदा डॉक्टरही फसतात. २००४ साली अमेरिकेत 'मला सायनसची डोकेदुखी आहे' असं स्वतः सांगणाऱ्या २,९९१ लोकांची नीट चौकशी झाली, तेव्हा शंभरातल्या ८८ जणांची डोकेदुखी अर्धशिशीच्या लक्षणांत बसली. मळमळ, उजेड न सोसणं, गलका न सोसणं, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. खरा सायनस कुंथत कुंथत दुखतो. तो फळ्यासमोरच्या बाईंना अंधाऱ्या खोलीत जाऊन आडवं पडायला लावत नाही.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये बलूनविषयी एकमताने जे लिहून ठेवलं, त्यात नाकाच्या तक्रारी आणि सीटीतली खूण या दोन्ही एकत्र असल्याशिवाय बलून करू नये, असं स्पष्ट आहे. तुमचा सीटी स्वच्छ आहे. उद्या कोणी 'करून बघू, नुकसान तर नाही' म्हणालं, तर उठून यायचं.

एका वहीत तारीख, पाळीची तारीख, रात्रीची झोप, जेवण चुकलं का, असं दोन महिने लिहा आणि ती वही घेऊन फिजिशियन किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. ठणका उठेल त्या दिवसाची गोळी वेगळी आणि ठणका उठूच नये म्हणून रोज घ्यायची वेगळी. दुखेल तेव्हा वेदनाशामक गोळ्या गिळत बसू नका. आठवड्यातून दोन-तीनदा घेऊ लागलात तर त्या गोळ्यांचीच डोकेदुखी सुरू होते. आणि वाफ बंद करा. भाजलेलं नाक आधी बरं होऊ दे.

प्रश्न : हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाचं काम करतो. पहाटे चारला उठावं लागतं. नाक मोकळं व्हावं म्हणून मेडिकलमधून थेंबांची बाटली घेतो. घातले की एका मिनिटात नाक मोकळं. हल्ली दिवसातून सहा-सात वेळा घालावे लागतात. चालेल ना?

नाही चालणार. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं बाटलीवर लिहिलेलं असेल. हे थेंब रक्तवाहिन्या आवळतात आणि अस्तर बसतं. असर उतरला की अस्तर आधीपेक्षा जास्त फुगतं, मग पुन्हा थेंब. पाच-सात दिवसांपुढे हे कोणीच घालू नयेत. तुमचं नाक आता सर्दीने नव्हे, थेंबांनीच चोंदतंय. यावर ना बलून ना ऑपरेशन.

सोडायचं कसं? स्टेरॉइड फवारा आजच दोन्ही बाजूंना चालू करा. आठवड्याभराने एका नाकपुडीतले थेंब पूर्ण बंद, दुसऱ्या नाकपुडीने श्वास घ्या. ती बाजू सुटली की दुसरीतले बंद. पहिल्या चार-पाच रात्री जड जातील, उशी उंच घ्या. बीपी असेल तर ते आधी मोजून घ्या, कारण हे थेंब बीपीही वाढवतात. आणि लिलावाच्या गडबडीत खिशात बाटली ठेवू नका. असली की हात जातोच.

प्रश्न : (भाचीने लिहिलं आहे.) मावशी ५२ वर्षांची, मालवणच्या बाजारात सुकी मासळी विकते. दमा आहे. नाकात पॉलिप म्हणून दोनदा दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, दोन्ही वेळा दीड-दोन वर्षांत परत वाढले. 'माका कसलोच वास येणा नाय' म्हणते. बोंबील खराब झाले तरी तिला कळत नाही, गिऱ्हाईक सांगतं. मध्ये अंगदुखीची गोळी घेतली तर दम लागून रात्री रिक्षाने दवाखान्यात न्यावं लागलं. आता बलून करावा की पॉलिपवर जी इंजेक्शनं निघाली आहेत ती घ्यावी?

भाचीबाई, पत्रातलं तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, ते गोळीचं. नाकात पॉलिप, दमा, आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळीने दम उठणं, या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तो वेगळाच आजार आहे. त्यात पॉलिप फार जिद्दीचे असतात. डॉक्टरांनी हे पक्कं करेपर्यंत मावशीला असली कोणतीही गोळी देऊ नका. एका कार्डावर गोळ्यांची नावं लिहून तिच्या कमरेच्या पिशवीत ठेवा. ताप-दुखण्याला साधारण मात्रेत पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, तरी तेही विचारूनच.

बलून तिच्यासाठी नाही. तिच्या आजारात मुळातच अस्तर पॉलिप धरतं, तिथे तोंड रुंद करून काय साधणार? पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर सगळे कप्पे पूर्ण उघडणारं, नीट मोठं करावं लागेल, वरवर पॉलिप खुडणारं नव्हे. जुन्या ऑपरेशनमध्ये आतल्या खुणा गेलेल्या असतात, म्हणून नेव्हिगेशनची सोय असलेल्या ठिकाणी करा. त्यात सीटीच्या नकाशावर हत्याराचं टोक कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. काढलेला तुकडा तपासायला पाठवायला सांगा, बुरशीसाठीही. आपल्याकडे बुरशीच्या ॲलर्जीने होणारे पॉलिप पुष्कळ दिसतात आणि त्यांचं औषधोपचाराचं गणित वेगळं असतं.

ऑपरेशन झाल्यावर काय केलं, हे पत्रात नाही. माझा अंदाज, टाके नाहीत म्हणून काळजीही नाही, असं झालं असेल. अशा पेशंटला नाक धुण्याच्या पाण्यात ब्यूडेसोनाइड हे स्टेरॉइड मिसळून रोज धुवायला लागतं, महिनोन् महिने, आणि अधूनमधून दुर्बिणीने आत पाहून घ्यावं लागतं. दम्याचा पंपही नेमाने हवा. वरचा आणि खालचा श्वास एकाच वाटेचा, एक बिघडला की दुसऱ्याला ओढतो.

इंजेक्शनं म्हणजे ड्युपिलुमॅब वगैरे. अमेरिकेत पॉलिपसाठी २०१९ मध्ये मान्यता मिळाली. दर दोन आठवड्यांनी पोटावर किंवा मांडीवर टोचायचं. पॉलिप खरोखर बसतात, वासही येतो. पण औषध थांबवलं की पुष्कळांचे परत वाढतात, आणि खर्च असा की सुक्या मासळीच्या टोपलीवर तो निघणार नाही. म्हणून आधी नीट ऑपरेशन, त्यानंतर नेमाने धुणं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मगच इंजेक्शनाचा विचार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया आहेत. तिला लागणारी यादीत बसते का, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा.

वासासाठी एक घरगुती व्यायाम आहे. लवंग, लिंबाची साल, गुलाब, निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ, एकेक वीस सेकंद, मन लावून हुंगायचे, तीन महिने. पॉलिपने वाट बंद असताना उपयोग कमी, वाट मोकळी झाल्यावर जरूर करा. तोवर बोंबील पारखायला दुसऱ्या कोणाला तरी बसवा. आणि स्वयंपाकघरात गॅसचा वास ओळखणारा अलार्म लावा. मावशी एकटी असताना सिलिंडर गळला तर तिला कळायचं नाही.

प्रश्न : योगशिबिरात जलनेती शिकलो. रोज सकाळी विहिरीच्या ताज्या पाण्याने करतो. आमची विहीर स्वच्छ आहे, सगळा वाडा पाणी पितो. एका मित्राने घाबरवलंय. (वेंगुर्ल्याहून)

मित्राने बरोबर घाबरवलं. पिण्याला चांगलं पाणी नाकाला चांगलं असेलच असं नाही. गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून वर चढला तर मेंदूत जातो आणि मग माणूस क्वचितच वाचतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे जण असे दगावले. आपल्या देशात केरळातही अलीकडच्या वर्षांत अशा अमीबांचे रुग्ण सापडले आहेत. आजार फार दुर्मीळ आहे, पण पाणी उकळायला कितीसा गॅस लागतो?

पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, एक मिनिट उकळू द्या, झाकून कोमट होऊ द्या. २४० मिलिलिटरच्या बाटलीला चहाचा अर्धा चमचा भरणार नाही इतकं मीठ, शक्यतो बिनआयोडीनचं, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. बेसिनवर वाका, तोंड उघडं ठेवून श्वास घ्या, एका नाकपुडीतून घाला, दुसरीतून येऊ द्या. झाल्यावर जोरात शिंकरू नका, पाणी कानात चढतं. भांडं रोज धुऊन कोरडं करा. पावसात ते चार दिवस ओलंच राहतं, तेव्हा उकळत्या पाण्याने धुवा.

प्रश्न : चिऱ्यांच्या खाणीवर मुकादम आहे. फक्त डाव्या नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येतं, मलाच वास येतो. उजवी बाजू स्वच्छ. सायनसच ना?

एकाच बाजूचा सायनस दिसला की मी आधी तोंड उघडायला लावते. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला टेकलेली असतात, कधी आत घुसलेलीही. डावीकडची दाढ किडलेली आहे का, जुनं रूट कॅनाल आहे का, काढलेल्या दाढेची जागा नीट भरली का, हे दातांच्या डॉक्टरांकडून एक्स-रेसह तपासून घ्या. दाढ कारण असेल तर ती निस्तरल्याशिवाय कोणताही बलून टिकणार नाही. दाढ ठीक निघाली तर दुर्बीण आणि सीटी हवाच, कारण बुरशीचा गोळा किंवा गाठही एकाच बाजूला असते. रक्त येत असेल तर थांबूच नका. आणि मधुमेह असेल, गाल बधिर वाटत असेल, डोळा सुजला असेल किंवा नाकात काळी खपली दिसली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. २०२१ मधली काळी बुरशी अजून कोणी विसरलेलं नाही.

प्रश्न : ठाण्यात नोकरीला असतो, घर राजापूर तालुक्यात. दोन वर्षं सगळे उपचार करून झाले. फेस करायचं नक्की झालंय, फक्त तारीख ठरवायची आहे. गणपतीआधी उरकून घेतलं तर गावी निवांत विश्रांती मिळेल, असं वाटतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.

गणपतीत विश्रांती? तुमचं घर निराळं असेल.

फेसनंतर दुसऱ्या दिवशी माणूस घरी जातो हे खरं, पण निदान दहा-बारा दिवस नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. मखर बांधणं, पाट उचलणं, भजनात टिपेचा सूर लावणं, विसर्जनाला मूर्ती खांद्यावर घेणं, सगळं वर्ज्य. त्यात धूप, अगरबत्ती, फटाक्यांचा धूर. रक्तस्राव व्हायचा तर पहिल्या दोन आठवड्यांत होतो, आणि त्या वेळी तुम्ही रेल्वेच्या गर्दीत किंवा घाटातल्या एसटीत असाल. शिवाय आठवड्याभरात आतल्या खपल्या दुर्बिणीने साफ कराव्या लागतात. त्यासाठी ज्याने ऑपरेशन केलं त्याच्याकडेच जायला हवं, म्हणजे ठाण्याला परत.

हे तातडीचं ऑपरेशन नाही. अनंत चतुर्दशीनंतरची तारीख घ्या आणि तोवर धुणं-फवारा चालू ठेवा. पातळ रक्ताची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ज्या हृदयरोगतज्ज्ञांनी ती दिली त्यांचं लेखी पत्र घ्या, किती दिवस आधी थांबवायची आणि केव्हा पुन्हा सुरू करायची याचं. भुलेच्या डॉक्टरांना ते आधी दाखवा. घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी करा, त्यात लसणाच्या कॅप्सूल आणि काढेही येतात. आणि सीटीच्या फिल्म न्या, नुसता रिपोर्टाचा कागद नको. गावाला येताना पिशवी खिडकीच्या उन्हात ठेवू नका, फिल्म काळवंडतात.